पिठूळ नेच्याची बाजू

वाळले ते मेले, हा बागकामातला सर्वमान्य न्याय आम्हांस मान्य नाही. सह्याद्रीच्या कातळफटींतले पिठूळ नेचे (‘अल्युरिटॉप्टेरिस’ या शास्त्रीय नावाचा अर्थही तोच) पाऊस सरला की पाने मुडपून घेते; पानामागची पांढरी भुकटी उघडी पडते आणि ऊन परतवते. पहिल्या पावसात तीच पाने उलगडतात. घरच्या दगडी बागेत मात्र चैत्रातच कोणी ते ‘जळाले’ म्हणून उपटतो, कोणी कीव येऊन रोज पाणी घालतो व मुळे कुजवतो. कीव अधिक घातक! मुरूम, खडी, थोडी पानमाती, दगडाची सावली एवढे त्यास पुरते. रोप घाटातून ओरबाडून आणणे आम्हांस चोरीच वाटते. पिकलेल्या पानाचे बीजाणू कागदावर झाडावेत, ओल्या कुंडीत पेरून वर काच ठेवावी. रोप दिसायला महिने लागतात. इतका धीर नसेल त्याने खुशाल शेवंती लावावी.