रीड बिचारी निर्दोष!

तुळशीचे लग्न लागले की वरातींचा हंगाम सुरू होतो. पावसाळाभर मिटलेल्या बँडच्या पेट्या उघडतात आणि सॅक्सोफोनवाल्यांची जुनी तक्रार कानी येते, "रीड चालत नाही हो!" हळू फुंकले तर नुसती हवा, जोर लावला तर चीत्कार. मग नवी पेटी आणायची आणि तिच्यातल्या दहाही रीडना शिव्या घालायच्या.

वाचकहो, दहा रीड एकाच तऱ्हेने बिघडत नाहीत. बोरूसारख्या पोकळ गवतातून कापलेली ती वस्तू. एखादी कडक, एखादी मऊ, एखादी वाकलेली असायचीच. पण सगळ्यांचे रडगाणे एकच असेल, तर रीडवरचा आरोप मागे घ्यावा आणि संशय माउथपीसवर धरावा.

अर्थात वाद्याचीही एक परीक्षा आधी करावी. माउथपीस नुसत्या मानेवर चढवून हलकेच फुंकावे. सूर सहज निघाला तर दोष खाली पॅडच्या गळतीत असण्याचा संभव अधिक. अडखळला तर वरच शोधायचे.

रीडची सपाट पाठ माउथपीसच्या सपाट बैठकीवर बसते. पुढे दोन्ही बाजूंच्या कडा हळूहळू वळत जातात आणि टोकाशी फट राहते. ऑल्टोच्या पुष्कळ माउथपीसना ही फट दीड-दोन मिलिमीटरची असते. फुंकताना रीड या कडांवर क्षणोक्षणी मिटते आणि उघडते. कुठे मिटायची राहिली की सूर आळसावतो.

गेल्या वर्षी एका वरातीच्या बँडमधला तरुण माझ्याकडे आला. काळ्या एबोनाइटचा, वडिलांनी वाजवलेला माउथपीस, दुसऱ्या हातात कानस. "काका, टोक जरा घासू का?" कानस आधी काढून घेतली. केसाएवढा फरक पडला तरी तिथे वाद्य बदलते; घासलेले परत भरता येत नाही.

चांगली ओली रीड बसवली. मागचे भोक तळहाताने बंद करून पुढून हवा ओढायला सांगितली. तोंडातून काढल्यावर रीड दोन-तीन सेकंद चिकटून राहावी आणि मग 'टप्' करून सुटावी. त्याची लगेच सुटली. भिंगाखाली उजव्या कडेवर पांढरट खपली दिसली: लाळेतला क्षार, वर्षानुवर्षांचा. कापसाच्या बोळ्याने पातळ व्हिनेगर लावून ती भिजवली, पुसली, कोमट पाण्याने धुतली. (उकळते पाणी कदापि नको, एबोनाइट वाकते, रंग उडतो आणि गंधकाचा वासही सुटतो.) आता रीड चिकटून राहू लागली. मंद सूर बोलले. पोराचा चेहरा असा खुलला, की पुढचे सांगणे जिवावर आले.

कारण वरच्या सुरांतला चीत्कार तसाच होता. माउथपीस सपाट काचेवर पालथा ठेवला आणि गॅरेजमध्ये फट मोजायला वापरतात ती पातळ पोलादी पट्टी टोकाकडून आत सरकवली. डावीकडे ती अधिक खोल गेली. दोन कडांचे वळण सारखे नव्हते. ते काम मोजून घासणाऱ्या कसबी माणसाचे. साध्या माउथपीसच्या बाबतीत कित्येकदा नवा घेणेच स्वस्त पडते, हेही सांगून टाकले.

"पण हा बाबांचा आहे," तो म्हणाला.

हंगाम दहा दिवसांवर, आणि घर त्याच्या वाजवण्यावर चालणारे. बाबांचा माउथपीस फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायला लावला आणि बँडमधल्याच एकाचा जादा माउथपीस मागून घेतला. तीच 'खराब' रीड त्यावर पहिल्याच फुंकरीला बोलली. वैशाख सरल्यावर बाबांचा माउथपीस कारागिराकडे जायचा ठरला. कानस मात्र अजून माझ्याकडेच आहे.