तोफांची सलामी : मान कोणाचा?

आपले मानखुर्द ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम काठी वसले आहे. या खाडीचे पाणी ज्या विस्तीर्ण मुंबई बंदरात जाऊन मिळते, तेथे आपल्या देशाच्या युद्धनौका नांगर टाकून उभ्या असतात. आणि बंदराच्या पैलतीरी, उरणनजीक करंजे येथे, नौदलाच्या दारूगोळ्याचे कोठार आहे. म्हणजे तोफ व तिची दारू या गोष्टी आम्हां मानखुर्दकरांस अगदीच परक्या नव्हेत. तथापि प्रजासत्ताकदिनाचे दिल्लीतील संचलन दूरचित्रवाणीवर पाहून आलेल्या एका विद्यार्थ्याने, "तोफा एकवीसच का? आणि त्या उडविल्याने मान नक्की कोणाचा होतो?" असा प्रश्न आम्हांस केला, तेव्हा त्याचे उत्तर एका वाक्यात देणे आम्हांस साधले नाही. प्रश्न लहान मुलाचा खरा, पण उत्तर मोठ्यांनीही ऐकावे अशा योग्यतेचे आहे. यास्तव या अंकात त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

सामान्य समजूत अशी की, जितके बार अधिक तितका माणूस मोठा. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे नव्हे. पण ती या रिवाजाच्या सालीची गोष्ट झाली. गाभा निराळा आहे, आणि तो समुद्रावर शोधावा लागतो.

पूर्वीची तोफ तोंडाकडून भरावी लागे. एक बार काढला की नळी आतून पुसून घ्यावयाची, मग दारू, मग दाबाची चिंधी, मग गोळा, असे सर्व पुन्हा ठासून बत्ती देईपर्यंत बराच अवकाश जाई. तेवढ्या वेळात ते जहाज निःशस्त्रासारखेच असे. म्हणून परक्या बंदरात शिरताना जहाजाने आपल्या भरलेल्या तोफा आधीच रिकाम्या करून टाकाव्या, आणि "आम्ही तुमच्या तोफांच्या माऱ्यात येत आहो, आमच्या तोफा मात्र रिकाम्या आहेत," हे किनाऱ्यावरील लोकांस कळवावे, अशी चाल पडली. सलामीचा उगम हा असा आहे. जो तोफ उडवितो तो आपले बळ दाखवीत नाही, तर ते क्षणभर खाली ठेवितो. पाहुणा दारात आला म्हणजे पायातील जोडे बाहेर काढितो, तशातलाच हा प्रकार होय.

आता संख्येविषयी. जुन्या दर्यावर्दी लोकांत विषम संख्या शुभ व सम संख्या अशुभ मानीत. जहाजावरून सात बार काढण्याचा प्रघात होता. समुद्रावरील दमट हवेत दारू लवकर बिघडे. किनाऱ्यावरील किल्ल्यात ती कोरडी राही व साठाही पुष्कळ असे. म्हणून जहाजाच्या एका बारास किल्ल्याने तीन बारांनी उत्तर द्यावे असे ठरले आणि सात त्रिक एकवीस झाले, अशी उपपत्ती सांगतात. पुढे दारू सुधारली, तेव्हा जहाजेही एकवीस बार काढू लागली. अमेरिकेने १८७५ साली हाच अंक मान्य केल्यावर तो जवळजवळ सर्व जगाचा झाला. तेव्हा एकवीस या अंकात कोणतेही गूढ नाही. पाहुण्याने जेवढे आणिले त्याच्या तिप्पट यजमानाने द्यावे, हे आतिथ्याचे गणित त्यात दडलेले आहे.

नौदलांच्या नियमांपैकी एक नियम आम्हांस विशेष चिंतनीय वाटतो. परदेशी युद्धनौका मित्रराष्ट्राच्या बंदरात प्रथम येते, तेव्हा ती आपल्या डोलकाठीवर यजमान देशाचे निशाण चढवून एकवीस बार काढिते. किनाऱ्यावरील तोफखाना पाहुण्या देशाचे निशाण चढवून तितकेच बार परत करितो. एक कमी नाही, एक अधिक नाही. राष्ट्र कितीही लहान असो, त्याच्या निशाणास एकवीसच. परंतु एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीस भेटीच्या प्रसंगी दिलेली सलामी बहुधा अशी परत करावयाची नसते. व्यक्तीव्यक्तींत पायऱ्या आहेत. राष्ट्राराष्ट्रांत मात्र बरोबरी आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत साधारणतः सलामी देत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. विश्वासाची खूण दिवसाउजेडी, सर्वांच्या देखत द्यावयाची असते.

आमच्या महाराष्ट्रासही तोफेची ही बोली जुन्या काळापासून अवगत आहे. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड अडवून धरिली, आणि राजा गडावर पोचल्याचा तोफांचा इशारा कानी येईपर्यंत देह ठेविला नाही, ही कथा आपल्याकडे पाळण्यातील मुलासही ठाऊक असते. त्या बारांनी कोणास मारिले नाही. दिलेला शब्द पुरा झाला एवढीच वार्ता त्यांनी खिंडीपर्यंत पोचविली. पुढे ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा गडागडांवरून तोफा झाल्या. त्या समारंभास मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. एक नवे सिंहासन उभे राहिले आहे, हे त्या तोफांनी परक्यांसही ऐकविले.

ज्या रिवाजाचे मूळ असे निर्मळ, त्यास पुढे कीड कशी लागली हे सांगणे आता प्राप्त आहे. इंग्रजी अमलात हिंदुस्थानच्या संस्थानिकांस किती तोफांची सलामी द्यावी याचे कोष्टकच सरकारने तयार केले होते. बादशहास एकशे एक, व्हाइसरॉयास एकतीस आणि संस्थानिकांस एकवीसपासून नऊपर्यंत, असा तो उतरता जिना होता. एकवीस तोफांच्या पाच संस्थानांत बडोद्याचे गायकवाड व ग्वाल्हेरचे शिंदे ही दोन मराठी घराणी होती. कोल्हापुरास एकोणीस, जंजिऱ्यास अकरा आणि सांगली, सावंतवाडी व भोर यांस नऊ असे मान ठरलेले होते. त्यातही वंशपरंपरेचा मान निराळा, केवळ त्या व्यक्तीपुरता निराळा आणि स्वतःच्या हद्दीपुरता निराळा. सरकारची मर्जी राखिली तर दोन तोफा वाढाव्या, मर्जी खपा झाली तर कमी व्हाव्या! लग्नमंडपात व्याह्यांनी मानपानावरून रुसावे, त्याप्रमाणे मोठमोठे राजे या दोन बारांसाठी झुरत व अर्ज करीत. ज्या खुणेचा अर्थ "मी माझे शस्त्र खाली ठेवितो" असा होता, तिचा अर्थ "मी तुझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर आहे" असा झाला.

त्याच काळी आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध हे लहानसे संस्थान त्या कोष्टकात कोठेही नव्हते. त्याच्या अधिपतींस एकाही तोफेचा मान नव्हता. पण १९३९ साली त्याच औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यघटना करून आपली सत्ता प्रजेच्या, गावोगावच्या पंचायतींच्या हाती दिली. आणि आटपाडीनजीक स्वतंत्रपूर येथे कैद्यांस भिंतीवाचून, विश्वासावर ठेवण्याची वसाहत वसविली. आम्ही वाचकांस विचारितो : सलामीचा मूळ अर्थ कोणी पाळिला? तोफा मोजून घेणाऱ्यांनी, की आपल्या हातातील सत्ता आपण होऊन खाली ठेविणाऱ्या या राजाने? ज्यास एकही तोफ मिळाली नाही त्याने सर्वांत मोठी सलामी दिली, असे आम्हांस वाटते.

देश स्वतंत्र झाला, संस्थाने विलीन झाली, आणि १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांच्या पदव्या व तनखेही गेले. २६ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसाद पहिले राष्ट्रपती झाले, तेव्हा एकतीस तोफा झाल्या होत्या. पुढे राष्ट्रपतींस एकवीस हीच सलामी रूढ झाली. पूर्वी जो मान जन्माने मिळे, तो आता नागरिकांच्या निवडीने मिळतो. २० डिसेंबर २०११ रोजी याच मुंबईच्या समुद्रात राष्ट्रपतींनी नौदलाच्या ताफ्याची पाहणी केली. 'सुभद्रा' या नौकेवरून ही पाहणी करणाऱ्या राष्ट्रपती जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील होत्या. एके काळी ज्या एकवीस तोफांसाठी राजे-महाराजे झुरत, त्या खानदेशातील एका कन्येसाठी झाल्या. परंतु विद्यार्थ्यांनो, येथेही नीट पाहा. तो मान प्रतिभाताईंस, त्या त्या पदावर होत्या म्हणून होता. पद सोडल्यावर तो पुढील राष्ट्रपतींकडे गेला. तोफ व्यक्तीस ओळखीत नाही. ती आसनास ओळखिते, आणि ते आसन आपणां सर्वांचे आहे. तेव्हा "मान कोणाचा?" या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, तो मान तुमचा, आमचा, या देशाच्या प्रत्येक नागरिकाचा आहे, राष्ट्रपती तो आपल्या वतीने स्वीकारितात.

यावर कोणी सुज्ञ पालक असा आक्षेप घेतील की, ज्या देशात पुष्कळांस पोटभर अन्न नाही तेथे दारूचा धूर काढण्यात काय अर्थ? आक्षेप गंभीर आहे, आणि तो हसण्यावारी नेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तथापि राष्ट्रास बोलण्यासाठी काही खुणा लागतात. निशाण हे कापडच. पण त्यास केवळ कापड म्हणून कोणी पायदळी तुडवीत नाही. दिल्लीस राष्ट्रगीताच्या बावन्न सेकंदांत एकवीस बार पुरे व्हावे लागतात. पहिला बार गीताच्या आरंभी, शेवटचा गीताच्या अखेरीस. गोलंदाजांच्या या काटेकोरपणात जी शिस्त दिसते तीही शिक्षणच आहे. पूर्वी या कामी इंग्रजी बनावटीच्या 'पंचवीस पौंडी' तोफा होत्या. २०२३ च्या प्रजासत्ताकदिनापासून देशी बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफा आल्या, हेही समाधानाचे आहे. यास्तव राष्ट्राच्या निशाणास व राष्ट्राच्या प्रमुखास सलामी असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ती मोजकी असावी. गल्लोगल्ली पुढाऱ्यांच्या स्वागतास फटाक्यांच्या माळा लावून "तोफांची सलामी" असे फलक झळकविणे, हा त्या खुणेचा अपमान होय. शासकीय इतमामाने होणाऱ्या अंत्यविधीत पोलीस हवेत बंदुकांच्या फैरी झाडितात, त्यासही पुष्कळ लोक एकवीस तोफा म्हणतात. बंदुकीची फैर निराळी, तोफेची सलामी निराळी. दुःखाच्या प्रसंगी मृत व्यक्तीचा मान मोजण्याची ही घाई कशास?

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. मुंबई बंदराने दारूचा आवाज केवळ सलामीतच ऐकिला आहे असे नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजास आग लागली. जहाजात कापूस होता, आणि त्याच जहाजात शेकडो टन स्फोटक द्रव्ये होती. अग्निशामक दलाचे जवान आग विझवीत असतानाच स्फोट झाले. शेकडो माणसे प्राणास मुकली, त्यात ६६ अग्निशामक होते. जहाज केव्हा फुटेल याचा नेम नसताना ही माणसे हातातील पाण्याचा नळ सोडून पळाली नाहीत. कोणत्याही कोष्टकात त्यांच्या नावापुढे तोफांचा आकडा लिहिलेला नव्हता. परंतु आजही १४ एप्रिल हा दिवस सर्व देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळितात. आमच्या मानखुर्दच्या दाट वस्तीत आग लागली म्हणजे घंटा वाजवीत जी लाल गाडी येते, तिच्यातील माणसे त्यांचेच वारस आहेत. ती गाडी दिसताच रस्ता मोकळा करून बाजूस उभे राहणे, हीही एक सलामी होय. तीस दारू लागत नाही, आणि ती आपणांपैकी प्रत्येकास देता येते.

आमच्या शाळेत पारितोषिक-समारंभाचे दिवस आले की कोणाचे नाव आधी पुकारिले, कोणास टाळ्या अधिक पडल्या, याची मोजदाद मुलांत चालते. आणि खरे सांगावयाचे तर ती पालकांतही चालते. संस्थानिकांच्या कोष्टकाचीच ही धाकटी बहीण. मेजवानीस बोलाविलेल्या माणसाने मुख्य आसन न धरिता शेवटचे धरावे, हा प्रभू येशूचा दाखला आमच्या प्रार्थनेच्या तासास मुले अनेकदा ऐकतात. सलामीचा मूळ अर्थ त्याहून फारसा निराळा नाही. दुसऱ्याच्या दारी जाताना आपली तोफ रिकामी करावी. आपणांस जेवढा मान मिळेल तेवढाच, शक्य तर तिप्पट, परत द्यावा. आणि जो मान पदामुळे मिळाला तो आपला स्वतःचा समजू नये.

येत्या प्रजासत्ताकदिनी राष्ट्रगीतास उभे राहिलात म्हणजे ते बार नुसते मोजू नका. प्रत्येक बारासरशी एक भरलेली तोफ रिकामी होत आहे, हे मनात आणा. एवढे आमच्या वाचकांच्या ध्यानात राहिले तर त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे चीज झाले, असे आम्ही समजू.