गोगलगाय दिसत नाही, बिऱ्हाड दिसतं

उपग्रहाला गोगलगाय दिसते का, असं खवचटपणे विचारून गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या कृमिरोगांचे नकाशे निकालात काढणारे पुष्कळ आहेत. नाही दिसत. प्रतिमेतला एक ठिपकाच दहा मीटरचा, त्यात नखाएवढा जीव कुठून दिसणार? पण शोधायचं आहे ते तिचं बिऱ्हाड. सेनेगलमधला २०१९ सालचा अभ्यास पाहा. ड्रोन आणि उपग्रहांतून दिसणाऱ्या पाणवनस्पतींवरून माणसांना होणाऱ्या शिस्टोसोमा कृमींच्या लागणीचा अंदाज गोगलगायी मोजण्यापेक्षा सरस निघाला.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. गुहागर तालुक्यातल्या गिमवीत लघवीतून रक्त जाणारा हाच रोग गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली उजेडात आणला, तेव्हा आकाशात एकही उपग्रह नव्हता. खरंच आहे. पण गिमवी कळली ती माणसं आजारी पडल्यावर. नकाशा हवा तो त्याआधी.

आणि गुरांच्या यकृतकृमींचा नकाशा करायचा, तर खाऱ्या पाण्याचं काय? उरणचं मोरा बंदरच घ्या. ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही इतका गाळ, भरतीला तिथेच पाणीच पाणी. दिसेल ते पाणी निळं रंगवणारा नकाशा इथे हमखास फसेल, कारण गुरांचे यकृतकृमी वाहणाऱ्या गोगलगायी गोड्या पाण्यातल्या. मात्र खारफुटी कुठली आणि भातशेती कुठली, हे उपग्रहाला कळतं. उरणकडच्या बांधांबाहेर खारं, आत पावसाचं गोडं. त्या आतल्या डबक्यात म्हशी डुंबतात, शेणातली अंडी पाण्यात जातात, अळी गोगलगायीत वाढते, बाहेर पडून काठच्या गवताच्या पातीला चिकटते आणि तीच पाती जनावर खातं.

आता नकाशावाल्यांचंही ऐकून घ्या. हिंडायची गरजच उरली नाही, हा त्यांचा दावा तितकाच पोकळ. पावसाळ्यात ढग आड येतात. रडार ढगांपलीकडचं पाहतं, पण झाडीखालचा दोन हात रुंद व्हाळ त्यालाही सापडत नाही. कोकणात हा दोष लहान नव्हे. कुठे जायचं एवढंच नकाशा सांगणार. पाण्यात हात घालायला माणूसच लागणार.

तेव्हा पशुसंवर्धन खात्याने एवढं करावं: पाऊस सरल्यावर, डबकी आटायच्या आत, उरण तालुक्यातली गोडी पाणथळं नकाशावर घ्यावीत आणि तिथे चरणाऱ्या गुरांचं शेण आधी तपासावं.