इसब, उटणं आणि सूनबाईचं म्हणणं

दिवाळी आली की हुबळी-धारवाडच्या आपल्या घरांत उटणं, वासाचं तेल, चंदनाचा साबण निघतो. चंदन तर कर्नाटकाचं भूषण; 1916 साली म्हैसूरला चंदनतेलाचा सरकारी कारखाना निघाला. पण घरात इसबाचं मूल असेल (कानडीतही इसुबुच म्हणतात), तर हा थाट त्याच्यासाठी नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

इसबाच्या कातडीत ओल टिकत नाही. साबणानं ती आणखी कोरडी पडते, आणि सुगंध नैसर्गिक असला तरी झोंबू शकतो. त्यापेक्षा कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत आंघोळ, साबण नसलेलं सौम्य क्लेन्झर, आणि अंग टिपून ओलसर असतानाच बिनवासाचं जाड मलम. महागच हवं असं नाही, साधी पेट्रोलियम जेलीही चालते. स्टेरॉइडचं मलम मात्र दुकानदाराला विचारून आणू नका. डॉक्टर सांगतील तेवढंच आणि तेवढेच दिवस.

उटण्याचं बोट पाटाला लावा, शास्त्र झालं!

सूनबाई बिनवासाचं आणते म्हणून "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणू नका. आपल्या वेळीही मुलं रात्रभर खाजवत होतीच. जागत बसायची ती आई.