मागची बाजू

गेले पंधरा दिवस आमच्या घरी एकच वाद चालू आहे. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जायचे आहे. आणि वर्गात ज्ञानेश्वरी शिकविणारा मी तिला ऐकवतो आहे की, मिळवायचे ते बसल्या जागीही मिळते. (या युक्तिवादामागे फीचा आकडा होता, हे वाचकांपासून कशाला लपवू?) परवा तिने उत्तरादाखल एक गाणे लावले. बासरी, सरोद, पखवाज, हार्मोनियम असा सारा आपल्याकडचा साज, आणि गळा मात्र इंग्रजी!

गाणे ‘बीटल्स’चे, ‘दि इनर लाइट’. मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या रेकॉर्डची मागची बाजू म्हणून ते निघाले, आणि मागच्या बाजूच्या वाट्याला येते तेच त्याच्या वाट्याला आले. बीटल्सचा तो काळ स्थित्यंतराचा. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन ऑगस्ट १९६७ मध्ये वारला होता, हृषीकेशची वारी व्हायची होती. जॉर्ज हॅरिसनला आपल्या संगीताचा ध्यास लागलेला. केंब्रिजला संस्कृत शिकविणाऱ्या हुआन मास्कारो यांनी त्याला पत्राने सुचविले की, लाओत्सेच्या एखाद्या कवितेला चाल लाव. त्याने लावली! मास्तरांचे कुणीतरी ऐकते, हे कळून मला बरे वाटले.

कवितेचा आशय असा की, दाराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येते. म्हणजे माझीच बाजू! मी खुलून तसे म्हणालो.

“पण बाबा, हे वाजवून घ्यायला तो कुठं आला होता, ठाऊक आहे? आपल्या मुंबईला!”

खरेच होते. जानेवारी १९६८ मध्ये एका चित्रपटाच्या संगीतासाठी तो आला असता एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत हे वादन ध्वनिमुद्रित झाले. फेब्रुवारीत लंडनला त्यावर आवाज चढला. आपल्याला हे गाता येईल का, म्हणून हॅरिसन बिचकत होता. सोबत्यांनी धीर दिला. ते बिचकणे मला त्या जपून टाकलेल्या आवाजात ऐकू येते, आणि गोड वाटते. बीटल्ससाठी या साजाचे गाणे त्याने पुन्हा केले नाही.

मी कर्जाचा अर्ज पुढे ओढला. गाणे तिसऱ्यांदा लागले, तेव्हा सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले, “बासरी कुणाची हो?”

हरिप्रसाद चौरसियांची. तेव्हा त्यांना तिशीही लागली नव्हती. त्या रेकॉर्डवर वाजविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव छापलेले नव्हते.