दहाव्याला घरी राहिलेल्या

आपल्याकडे दहाव्याला पुरुष नदीवर जातात. पेणला भोगावतीच्या, रोह्याला कुंडलिकेच्या काठी पिंड मांडले जातात. कावळा शिवत नसला की गेलेल्याची कोणती इच्छा राहिली असेल याचे अंदाज सुरू होतात, आणि कुणीतरी पुढे होऊन शब्द देतो, ‘आम्ही सांभाळू.’ बायका बहुधा घरीच असतात. त्या दोन-तीन तासांत घरात जे बोललं जातं ते मराठी नाटकात फार उशिरा आलं, आणि आलं तेही मुख्यतः बायकांनी लिहायला घेतल्यावर, असं माझं मत आहे.

मृत्यूनंतरच्या घराचं आपलं सर्वांत थोर नाटक म्हणजे महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. 1985 साली विजया मेहतांनी ते रंगमंचावर आणलं. घरातले वडील तात्याजी गेले आहेत, तेराव्याचा खर्च कुणी करायचा यावरून घर आतून उसवत चाललं आहे. हे नाटक मी पुन्हा पुन्हा वाचते आणि दर वेळी त्यांच्या मुलीपाशी, प्रभापाशी थांबते. तिला शिकायचं होतं, ते राहून गेलं. एलकुंचवारांनी तिच्यावर अजिबात अन्याय केलेला नाही, तिची घुसमट त्यांनी अचूक पकडली आहे. पण नाटक वाड्याचं आहे, आणि वाडा मुलांचा. तेच तेरा दिवस प्रभाने लिहिले असते तर पडदा कुठे उघडला असता? मला वाटतं, माजघरात.

बायकांनी लिहिलंच नाही असं नाही. हिराबाई पेडणेकरांचं ‘जयद्रथ विडंबन’ 1904 चं. खाडिलकरांच्या ‘बायकांचे बंड’ला गिरिजाबाई केळकरांनी 1913 मध्ये ‘पुरुषांचे बंड’ लिहून उत्तर दिलं, आणि पुढे 1928 च्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षही झाल्या. शांता गोखले यांच्या ‘अविनाश’मध्ये मोठ्या मुलाचा मानसिक आजार आहे आणि तो झाकण्यात खपलेलं मध्यमवर्गीय घर आहे. हा शोक माणूस जिवंत असतानाच सुरू होतो, म्हणून त्याला दहावा नाही, तेरावा नाही, भेटायला येणारंही कुणी नाही. असं दुःख नाटकात मांडायला घरात वर्षानुवर्षं कान देऊन बसलेलं कुणीतरी लागतं.

अलीकडची नावंही आनंदाने घ्यावीत अशी आहेत. शिल्पा नवलकर यांचं ‘सेल्फी’, कल्याणी पाठारे यांचं बहीण-भावाच्या नात्यावरचं ‘दादा, एक गुड न्यूज आहे’, इरावती कर्णिक यांचं घटस्फोटानंतर पुन्हा समोर आलेल्या जोडप्याचं ‘जर तरची गोष्ट’. ही नाटकं व्यावसायिक रंगभूमीवर चालली, लोकांनी तिकिटं काढून पाहिली.

तरीही पेण-रोह्याच्या घरातलं एक नाटक मला अजून भेटलेलं नाही. वडील जातात. दिवस होतात. मग सातबारावर वारसनोंद करायची वेळ येते आणि बहिणींना निरोप जातो, ‘एकदा येऊन सही करून जा.’ 2005 च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. वडील त्याआधी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरीही बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. माहेर तुटायला नको, वहिनीने चहा विचारायला हवा, भाऊबीजेला दार उघडं राहायला हवं. वडिलांसाठी नीट रडून व्हायच्या आत त्यांना निबंधकाच्या कार्यालयात अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो. आपल्याकडे जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. 2008 मध्ये पेण तालुक्यातल्या 22 गावांत सेझवर, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रावर, जनमत घेतलं गेलं, तेव्हा जमीन म्हणजे आई असं कितीदा ऐकलं! त्या आईच्या लेकींचं नाव उताऱ्यावर का नसावं, हा प्रश्न विचारायला मला रंगमंचाइतकी योग्य जागा दुसरी दिसत नाही. भाषणात तो भांडण होतो. नाटकात भाऊही माणूस राहतो, त्याचं कर्ज दिसतं, त्याची लाजही दिसते.

हे जमतं, याचा दाखला लांबचा आहे पण चोख आहे. लोरेन हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेचं ‘अ रेझिन इन द सन’ 1959 मध्ये ब्रॉडवेवर आलं. शिकागोतल्या एका घरात वारलेल्या बापाच्या विम्याच्या दहा हजार डॉलरची वाट पाहिली जाते आहे. मुलाला त्यातून दारूचं दुकान काढायचं आहे, मुलीला डॉक्टर व्हायचं आहे, आईला सगळ्यांसाठी घर हवं आहे. बापाच्या मरणाचे पैसे कुणाच्या स्वप्नाला लागणार, एवढ्यावर नाटक उभं आहे. पेणच्या कुठल्याही आळीत हे कथानक समजावून सांगावं लागणार नाही.

अडचण प्रयोग पाहण्याची आहे. चांगलं नाटक बघायचं तर पनवेलचं फडके नाट्यगृह गाठायचं. अलिबागचं पीएनपी नाट्यगृह 2022 मध्ये आगीत जळालं तेव्हा आमच्यासारख्यांना ते घरातलं नुकसान वाटलं होतं. रात्रीचा प्रयोग संपवून पनवेलहून रोह्याला परतायचं म्हणजे पुरुषालाही विचार पडतो. घरचा स्वयंपाक उरकून निघणाऱ्या बाईला तर तिकिटापेक्षा परवानगी महाग पडते.

म्हणून मला ज्योती म्हापसेकर आणि सुषमा देशपांडे यांचा रस्ता आपल्याला जवळचा वाटतो. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योतीताईंनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ 1983 पासून वस्त्यांत, गावांत, मिळेल त्या मोकळ्या जागेत झालं. सुषमाताईंनी ‘व्हय मी सावित्रीबाई’ एकटीने गावोगाव नेलं. नेपथ्याचा ट्रक नाही, फिरता रंगमंच नाही. आपल्या गावात गणपतीतलं, जत्रेतलं नाटक अजून होतं, शाळांना सभागृहं आहेत, वाचनालयांत नाटकांची कपाटं आहेत. मंडळांनी एका वर्षी तरी बाईने लिहिलेली संहिता निवडावी. तालमीची वेळ रात्री दहाऐवजी दुपारी तीनची ठेवावी, म्हणजे बायका येतील. आणि लिहिणारीला माझं एकच सांगणं आहे: सहीच्या प्रवेशात थोरल्या बहिणीला गप्प बसवू नकोस, तिला दोन पानं सलग बोलू दे.