फुकट आज्ञावलीचा राखणदार

ओपनएसएसएल ही संगणक-आज्ञावली असंख्य संकेतस्थळांवरील गुप्त व्यवहार राखते. ती कोणासही फुकट वापरतां येते, तिचा मूळ लेखही सर्वांस खुला आहे. परंतु २०१४ पूर्वीं तिच्या संस्थेस वर्षाकाठीं देणग्या मिळत सुमारें २,००० डॉलरच्या, आणि पूर्ण वेळ राबणारा मनुष्य एकच! त्या सालच्या एप्रिलांत तिच्यांतील 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला, तेव्हां कोठें गूगल, मायक्रोसॉफ्ट आदि कंपन्यांनीं लिनक्स फाउंडेशनमार्फत प्रत्येकीं सालीना १ लक्ष डॉलर तीन वर्षें देण्याचें कबूल केलें. आमच्या खानदेशच्या फडांत बागाइतदार पाटकऱ्यास दरसाल धान्य देत. पाट फुटण्याची वाट पाहत नसत. बड्या कंपन्यांनींही वापराच्या मानानें अशी वार्षिक पट्टी स्वतःस बांधून घ्यावी, असें आमचें मत आहे. विद्यार्थी व लहान वापरणारे यांस मात्र माफी असावी.